यादवीच्या वाटेवरच्या दोन मशिदी

जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि दक्षिणेला पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे. हे खोरे ओलांडले की अजिंठ्याची डोंगररांग आडवी येते. जुन्या वऱ्हाडात या सपाटीला पयनघाट म्हणत आणि डोंगर चढून गेल्यावर लागणाऱ्या पठाराला बालाघाट. आईन-ए-अकबरीत जळगाव हा नरनाळा सरकारातला परगणा म्हणून येतो. १९०५ पर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात होता, त्यानंतर तो बुलढाण्यात आला. बऱ्हाणपूर आणि असीरगडाकडून दख्खनेत शिरणाऱ्या फौजेला ही सपाटी पार करून एखादा घाट चढावाच लागे. दख्खनेतून खानदेशावर निघालेल्या फौजेला तसाच एखादा घाट उतरावा लागे. मधला मुलूख मोकळा, पिकाऊ आणि दोन्हीकडून उघडा. पाचशे-सहाशे वर्षांत इथे झालेल्या मोठ्या लढाया पाहिल्या, तर त्यांतल्या निर्णायक लढाया परक्या शत्रूशी क्वचितच झाल्या. बाप आणि मुलगा, सासरा आणि जावई, एकाच बादशहाचे दोन सुभेदार असे लोक इथे समोरासमोर आले. यादवीच्या लढाया या प्रदेशाच्या वाट्याला वारंवार आल्या, आणि त्या जिथे झाल्या तिथे आधीपासून इमारती उभ्या होत्या.

त्या इमारतींबद्दल आपली समजूत अशी असते की त्या बिचाऱ्या लढाईत ‘सापडल्या’. कुणीतरी भक्तिभावाने मशीद बांधली, कुणी छत्री उभारली, गावाने आपली वेस आणि गढी बांधली, आणि एक दिवस दुर्दैवाने फौजा नेमक्या तिथेच येऊन भिडल्या. या लेखात मला या समजुतीला विरोध करायचा आहे. वाट, घाटाचे तोंड, पाणी आणि बाजार या चार गोष्टी पाहून माणूस इमारत बांधतो; सेनापतीही याच चार गोष्टी पाहून जागा धरतो. इमारत आणि लढाई एकाच कारणाची दोन फळे आहेत. हे मान्य केले की पुढची गोष्ट ओघाने येते. रणांगणावरची इमारत कलेचा नमुना म्हणून एका यादीत आणि लढाई राजकीय इतिहास म्हणून दुसऱ्या पुस्तकात, अशी जी वाटणी आपण करून ठेवली आहे, तिने दोन्हींचा अर्थ हरवतो.

सगळ्यात बोलका पुरावा मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडचा. हे गाव बालाघाटाच्या पायथ्याशी, म्हणजे पठार आणि सपाटी यांच्या नेमक्या शिवणीवर आहे. इथे १५८२ मध्ये खुदावंदखान महदवी नावाच्या सरदाराने एक मशीद बांधली. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने तिला लहान पण देखणी म्हटले आहे. याच खुदावंदखानाने आदल्याच वर्षी, १५८१ मध्ये, पठारावरच्या साखरखेर्डा येथे तशीच एक मशीद बांधली होती, आणि दोन्हींच्या घडणीत इतके साम्य आहे की गॅझेटियरने ते मुद्दाम नोंदवले. एक बांधणारा, लागोपाठची दोन वर्षे, दोन मशिदी. पहिली वर बालाघाटात, दुसरी खाली घाटाच्या पायथ्याला. रोहिणखेडला मशीद बांधून दहा वर्षेही झाली नव्हती तोच तिथे निजामशाहीच्या यादवीचा निकाल लागला. साखरखेर्ड्याला १४३ वर्षांनी मोगलांच्या यादवीचा निकाल लागला. एकाच माणसाच्या दोन्ही इमारती दोन वेगवेगळ्या यादव्यांच्या रणांगणावर याव्यात, याला योगायोग म्हणून सोडून देता येईल का?

रोहिणखेडची गोष्ट १५८२ च्याही आधी सुरू होते. १४३७ मध्ये खानदेशचा सुलतान नासिरखान फारुकी वऱ्हाडात शिरला. बिदरचा बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद त्याचा जावई. आपल्या मुलीला तिथे मान राहिला नाही, हे सासऱ्याच्या रागाचे कारण. वऱ्हाडचा बहमनी सुभेदार नरनाळ्याच्या आश्रयाला गेला. तेव्हा दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी, मलिक-उत-तुज्जार या किताबाचा सरदार, चालून आला. त्याने अट घातली होती की आपल्याबरोबर परदेशी, म्हणजे अफाकी फौजच द्यावी, दख्खनी सरदार नकोत. रोहिणखेडला त्याने नासिरखानाचा पराभव केला आणि बऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले. या विजयाने अफाकींचे वजन वाढले आणि दख्खनी सरदारांच्या मनात अढी बसली. पुढची दीडशे वर्षे दख्खनच्या राज्यांना पोखरणारे दख्खनी-अफाकी वैर अनेक ठिकाणी पेटले. त्याची एक जुनी ठिणगी या घाटाखालच्या गावात पडली होती. खुदावंदखानाने जागा निवडली तेव्हा ती आधीच एका लढाईची जागा होती. तिथे बांधायचे कारण लढाईची आठवण नव्हे, ज्या वाटेने लढाई आली ती वाट.

मग १५९१. अहमदनगरात तीन वर्षे रक्त वाहत होते. १५८८ मध्ये मिरान हुसेनने आपल्या बापाला, मुर्तझा निजामशहाला, ठार केले. वर्षाच्या आतच मिरान हुसेन मारला गेला. दख्खनी सरदार जमालखान याने बंड करून सत्ता हाती घेतली, शहरात अफाकींची कत्तल झाली, आणि लोहगडावर कैदेत असलेल्या इस्माईल नावाच्या पोराला तख्तावर बसवण्यात आले. जमालखान महदवी पंथाचा. पंधराव्या शतकात जौनपूरच्या सय्यद मुहम्मदाने स्वतःला महदी घोषित केले होते. त्याचे अनुयायी ते महदवी. जमालखानाने या पंथाला राज्याचा पंथ बनवले. इकडे इस्माईलचा सख्खा बाप बुऱ्हाण, म्हणजे मेलेल्या मुर्तझाचा भाऊ, अकबराच्या आश्रयाला होता. पोरगा राज्यावर आणि बाप परमुलखात, अशी ही स्थिती. बुऱ्हाण खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन वऱ्हाडात उतरला. विजापूरचा इब्राहिम आदिलशहाही त्याच्याच बाजूने होता. जमालखानाने आधी विजापूरच्या फौजेला हरवले, मग तो वळून उत्तरेकडे धावला, आणि रोहिणखेडला दोन्ही फौजांची गाठ पडली.

महिना मे. वऱ्हाडातला मे महिना ज्याने सोसला आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. फरिश्ता हा इतिहासकार १५८९ पर्यंत अहमदनगरच्या चाकरीत होता आणि मग विजापूरला गेला. त्यामुळे ही माणसे आणि हे राजकारण त्याने जवळून पाहिलेले. त्याच्या इतिहासात जमालखानाच्या फौजेच्या तहानेची हकिकत आहे: सोयीची वाट शत्रूने धरलेली, आडवाटेने यावे लागलेले, ऊन आणि पाण्याचा दुष्काळ. लढाईत जमालखान गोळी लागून पडला, फौज फुटली, इस्माईल बापाच्या हाती सापडला. बुऱ्हाण दुसरा बुऱ्हाण निजामशहा म्हणून तख्तावर बसला आणि महदवींचा राजाश्रय संपला. त्यांना राज्यातून हुसकावण्यात आले. लढाईची ही हकिकत वाचताना ज्या शब्दांवर बोट ठेवावेसे वाटते ते तलवार आणि हत्ती हे नव्हेत. वाट आणि पाणी हे ते शब्द. नऊ वर्षांपूर्वी मशिदीची जागा ठरवणाऱ्या माणसासमोरही हेच दोन प्रश्न होते. वाटेवर लोक आहेत का, आणि वजूला पाणी आहे का.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गॅझेटियर खुदावंदखानाला जमालखानाचा अनुयायी म्हणतो. म्हणजे जमालखान जिथे पडला तिथे त्याच्याच पक्षाच्या आणि पंथाच्या सरदाराने बांधलेली मशीद उभी होती. लढाईनंतर तो पक्ष संपला, पंथावर संकट आले, आणि मशीद मात्र राहिली. विजेत्यांनी ती पाडली नाही. यात औदार्य शोधायची गरज नाही. माझा तर्क असा की घाटाखाली पक्क्या बांधणीची जागा विजेत्यालाही हवी होती, आणि नमाजाची जागा म्हणून तिच्यावर कुठल्याच पंथाचा शिक्का कायम राहणारा नव्हता. ज्या कारणाने ती बांधली गेली, त्याच कारणाने ती वाचली. राजवटी बदलल्या तरी वाट तीच राहते, आणि वाटेवरच्या इमारतीची गरजही संपत नाही.

आता साखरखेर्डा. सिंदखेड राजा तालुक्यातले हे गाव पठारावर आहे. जुन्या कागदांत ते शकरखेडला म्हणून येते. १७२४ च्या ऑक्टोबरात इथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. दोघेही दिल्लीच्या मुहम्मदशहाचे चाकर. निजाम-उल-मुल्क १७२२ पासून बादशहाचा वजीर. दिल्लीच्या दरबारात मन रमेना म्हणून तो दख्खनेकडे परतला. बादशहाने उघडपणे त्याला अडवले नाही, पण आतून दख्खनची सुभेदारी मुबारिजखानाच्या नावे केली. म्हणजे एकाच मुलखाचे दोन धनी, आणि दोघांनाही एकाच बादशहाची सही. यादवीची याहून स्पष्ट व्याख्या शोधून सापडणार नाही. मुबारिजखान दोन मुलांसह मारला गेला. निजामाने त्याचे शिर दिल्लीला पाठवले, बंडखोराला शासन केल्याची वर्दी म्हणून. आणि बादशहाला ती निमूटपणे स्वीकारावी लागली. पुढच्याच वर्षी निजामाला आसफजाह हा किताब मिळाला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा जन्म इतिहासकार या लढाईपासून धरतात. निजामाने गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले, पण लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच टिकले.

हैदराबादच्या राज्याची २२४ वर्षे, मराठवाड्याचे भवितव्य, १८५३ मध्ये इंग्रजांकडे तारण गेलेला वऱ्हाड, या सगळ्या साखळीची पहिली कडी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावाच्या शिवारात आहे. त्या शिवारात त्या दिवशी उभ्या असलेल्या ज्या इमारतीचे नाव आणि साल आपल्याला ठाऊक आहे, ती म्हणजे १५८१ ची मशीद. इतिहासाचा विद्यार्थी लढाईचे साल पाठ करतो. स्थापत्याचा विद्यार्थी मशिदीचे साल टिपून घेतो. दोघे एकाच गावाबद्दल बोलत आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही.

बाळापूरचे उदाहरण थोडक्यात. १७२० च्या ऑगस्टमध्ये याच निजाम-उल-मुल्काने बाळापूरजवळ सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान याचा पाडाव केला. ती लढाईही बादशहाच्या दरबारातल्या दोन गटांची. त्या आधीपासून बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाने ओळखली जाणारी छत्री होती. तिथला प्रसिद्ध किल्ला मात्र लढाईनंतर पुरा झाला. एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानाने तो १७५७ मध्ये तडीस नेला. हा क्रम महत्त्वाचा आहे. किल्ला आहे म्हणून लढाई झाली, असे आपण गृहीत धरतो. बाळापूरला किल्ला पुरा होण्याआधीच तिथे वाट होती, बाजार होता आणि लढाईही होऊन गेली होती.

पहिला आक्षेप इथेच येईल: वाटेवरच्या प्रत्येक गावात इमारती असतात, चार गावे निवडायची आणि त्यांतून नियम काढायचा, हे कसले शास्त्र? आक्षेप रास्त आहे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर रोहिणखेडच्या मशिदीपेक्षा जुने आणि कितीतरी मोठे, पण लोणारच्या नावाने कोणतीही मोठी लढाई ओळखली जात नाही. तेव्हा ‘मोठी इमारत तिथे लढाई’ असा नियम नाही, आणि माझे म्हणणेही ते नाही. लोणारला मंदिर बांधायचे कारण तिथले सरोवर आणि त्याचे तीर्थमाहात्म्य. ते कारण सेनापतीच्या उपयोगाचे नव्हते. रोहिणखेडला मशीद बांधायचे कारण घाटाचे तोंड. ते सेनापतीच्या पुरते उपयोगाचे होते. दोन्ही कारणे जिथे जुळतात तिथेच इमारत रणांगणावर येते. उलट, रोहिणखेडला १५४ वर्षांच्या अंतराने दोन लढाया व्हाव्यात, दोन्ही वेळा खानदेश आणि दख्खन यांच्यामधल्या चालीत व्हाव्यात, आणि दोन्ही वेळा फौजा त्याच घाटाखाली भिडाव्यात, याचा खुलासा वाट सोडून दुसऱ्या कशाने करता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. या मशिदींच्या भिंतींवर लढाईची खूण कुठे आहे? गोळ्यांचे व्रण दाखवा, जळालेला दगड दाखवा. नाहीतर त्या केवळ शेजारी होत्या एवढेच सिद्ध होते. याला उत्तर देताना लढाईत इमारत काय काम करते ते पाहावे लागेल. त्यासाठी जळगाव जामोदच्या पूर्वेला, सातपुड्याच्याच पायथ्याने, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला जावे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इथे आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेला हरवले. ही परक्यांशी झालेली लढाई, हे खरे. पण तिला जन्म मराठ्यांच्या यादवीने दिला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवा आणि शिंदे यांचा पराभव केला नसता, तर दुसरा बाजीराव वसईला पळाला नसता आणि ३१ डिसेंबरचा वसईचा तह झाला नसता. घरच्या भांडणाचा शेवटचा हप्ता वऱ्हाडाच्या शिवारात फेडला गेला.

अडगावच्या लढाईचा तपशील इंग्रजी पत्रव्यवहारात चांगला टिकला आहे. मराठी फौज अडगावच्या पुढे मैदानात उभी. पाठीशी गाव, त्याच्या बागा आणि कुंपणे. इंग्रजी फौज सिरसोली गावाच्या आडून पुढे येत होती. गावाची घरे आणि भिंती होत्या तोवर पलटणींना आडोसा होता. गाव ओलांडून उघड्यावर येताच मराठी तोफांचा मारा सुरू झाला आणि शिपायांच्या तीन पलटणी बिथरून मागे पळाल्या. हेच शिपाई दोन महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईला तोफांसमोर ठाम उभे राहिले होते. वेलस्लीने त्यांना पुन्हा गावाच्या आड नेले, रांगा लावल्या आणि दुसऱ्या बाजूने पुढे काढले. सिरसोलीच्या भिंतींनी त्या घटकेला सैन्य सावरले; लढाईचा निकाल फिरला असता तो त्या आडोशामुळे फिरला नाही. असईला याच्या उलट झाले: मातीच्या तटाने वेढलेल्या त्या गावाच्या रोखाने गेलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीची गावाजवळच्या तोफांनी चाळण केली. एका गावाने इंग्रजांना झाकले, दुसऱ्याने त्यांना मारले. आता सांगा, सिरसोलीच्या कुठल्या भिंतीवर आज याचा व्रण दाखवता येईल? ती घरे मातीची होती. व्रण नाही म्हणून इमारतीचे काम नव्हते, असे म्हणणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जमीन कोरडी दिसते म्हणून पाऊस नाकारणे होय.

यातून माझ्याच बाजूची एक अडचण उघडी पडते आणि ती लपवणे योग्य नाही. मी दोन मशिदी आणि एक छत्री यांच्याबद्दल बोलतो आहे, कारण त्या टिकल्या. वऱ्हाडातल्या लढायांचा खरा भार मातीच्या बांधकामांनी सोसला: गावकूस, वेशी, पाटील-देशमुखांच्या गढ्या. गढ्या पांढरीच्या मातीच्या. पडझड झाली की लोक ती माती घरे सारवायला, धाब्यावर टाकायला, शेतात पसरायला नेत. शे-दोनशे वर्षांत बुरुजाचा उंचवटा आणि उंचवट्याचे टेकाड होते. म्हणजे आपल्या हाती उरलेला पुरावा श्रीमंताच्या दगडाकडे झुकलेला आहे. लढाई राजांची, दगड सरदाराचा, आणि किंमत मोजली गावाने. मलकापूरबद्दल गॅझेटियर सांगतो की १७६१ मध्ये राघोबादादांच्या फौजेने शहर उद्ध्वस्त करू नये म्हणून ६०,००० रुपये द्यावे लागले. ज्या इमारती वाचल्या त्या कधीकधी अशा रोख रकमेने वाचल्या, आणि ती रक्कम बाजारपेठेतून आणि रयतेकडून आली. म्हणून रणांगण जपायचे म्हणजे एक घुमट जपणे नव्हे. घुमटाभोवतीचे ते टेकाड, ती वेस आणि ती विहीर यांचीही नोंद त्याच कागदावर हवी.

तिसरा आक्षेप उघडपणे लिहिला जात नाही, पण मनात असतो: मशीद म्हणजे एका समाजाचा विषय. रोहिणखेडच्या रणांगणावर हा आक्षेप टिकत नाही. तिथे दोन्ही बाजूंचे धनी मुसलमान होते. वैर होते ते दख्खनी आणि अफाकी यांचे, महदवी आणि त्यांच्या विरोधकांचे, आणि बापाचे मुलाशी. साखरखेर्ड्याला एकाच बादशहाचे दोन सुभेदार. अहमदनगर, खानदेश, हैदराबाद यांतल्या कुठल्याही सत्तेचा इतिहास या दोन गावांना वगळून पुरा होत नाही. जो या इमारतींना एका धर्माच्या खात्यात टाकून मोकळा होतो, तो वऱ्हाडच्या इतिहासाची दोन पाने फाडतो. त्या पानांवर त्याच्याही पूर्वजांच्या शिवाराचे नाव आहे.

जगात अशा इमारतींचे काय केले गेले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या यादवीत १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमला झालेल्या भीषण लढाईच्या मध्यभागी डंकर पंथाचे एक साधे पांढरे प्रार्थनाघर होते. हा पंथ युद्ध पाप मानणारा. १९२१ च्या वादळात ती इमारत कोसळली, पण लोकांनी तिचे साहित्य जपून ठेवले आणि १९६२ मध्ये, लढाईच्या शताब्दीला, ती त्याच जागी पुन्हा उभी केली. जागा सोडली नाही, कारण रस्त्याच्या कडेची ती जागा हाच पुरावा होता. गेटिसबर्गला १८६३ मध्ये दोन सैन्ये भिडली त्याचे मोठे कारण म्हणजे त्या लहान गावात दहा रस्ते येऊन मिळत होते. गावातली घरे, शेतवाड्या आणि धर्मशिक्षणाची शाळा याच रस्त्यांमुळे वाढली होती. स्पेनच्या यादवीत १९३७ साली बेल्चिते हे गाव उद्ध्वस्त झाले. फ्रँकोने अवशेष तसेच ठेवले आणि शेजारी नवे बेल्चिते बांधले. विजेत्याने आपल्या विजयाचा फलक म्हणून ते पडके गाव वापरले, हे दुःखद आहे. पण अवशेष राहिले म्हणून पुढच्या पिढीला त्यांतून दुसरा अर्थ काढता आला. पाडून टाकले असते तर फक्त विजेत्याचा अर्थ उरला असता.

आपल्याकडे कायदा आहे, पण तो वास्तूचा. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. १९६० चा राज्याचा कायदाही स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे यांच्यापुरता आहे. दोन्हींत रणांगण असा स्वतंत्र प्रकार नाही. रोहिणखेडच्या मशिदीपासून ३०० मीटरपलीकडे घाटाची जुनी वाट असेल, तर ती कायद्याच्या दृष्टीने मशिदीची कुणी नाही. इंग्लंडने १९९५ मध्ये ऐतिहासिक रणांगणांची नोंदवही सुरू केली. तीत नाव आल्याने जमिनीवर वेगळी मनाई येत नाही. बांधकामाची परवानगी देताना त्या जागेचा इतिहास विचारात घेतला जातो, एवढेच. शेतकऱ्याच्या बाजूने येणाऱ्या आक्षेपाला माझे उत्तर यातच आहे. कपाशी आणि सोयाबीन घेणाऱ्या माणसाला आणखी एका सरकारी मनाईची भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती भीती न घालवता कुठलाही वारसा टिकत नाही. शिवार गोठवा, असे मी म्हणत नाही. शिवाराचा नकाशा करा, एवढेच म्हणतो: जुनी घाटवाट, जुन्या विहिरी आणि बारवा, गढीचे टेकाड, वेशीची जागा, आणि त्यांच्या मधोमध ती मशीद. रस्ता रुंद करताना, खाणपट्टा देताना, गावठाण वाढवताना तो नकाशा टेबलावर असावा.

हे काम मुंबई-दिल्लीहून होणार नाही. बुलढाणा आणि अकोला जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे इतिहास विभाग, तालुक्याच्या शाळांतले शिक्षक आणि ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत या जागा आहेत त्या ग्रामसभा यांनी मनावर घेतले, तर रोहिणखेड, साखरखेर्डा, बाळापूर आणि अडगाव-सिरसोली या चार शिवारांचे नकाशे करणे अवघड नाही. जुन्या माणसांना पाऊलवाटा ठाऊक आहेत, तोवर ते करायला हवे. चौपदरी रस्ते झाले की पाऊलवाट कुणाच्या स्मरणात राहत नाही. मशिदीजवळ फलक असेल तर त्यावर १५८२ च्या खाली १४३७ आणि १५९१ हीही साले लिहावीत, आणि साखरखेर्ड्याला १५८१ च्या शेजारी १७२४. आणि या शिवारांत नांगराच्या फाळाला लोखंडी किंवा दगडी गोळा, नाणे, शस्त्राचा तुकडा लागला, तर भंगारवाल्याला देऊ नये. शेताचा गट क्रमांक आणि जागा लिहून ठेवून तहसील कार्यालयात कळवावे. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने आजही बंधनकारक आहे.